मॅडम आल्या, मावशी आली

आमच्या ऑफिसात सकाळी साडेनऊच्या सुमारास तीन वाक्यं हमखास कानावर पडतात. "सर आले." "मॅडम आल्या." "मावशी आली." पहिली दोन माणसं मीटिंग रूममध्ये बसणार असतात. तिसरी ती मीटिंग रूम पुसून, पाण्याच्या बाटल्या भरून ठेवणार असते. मावशींचं वय पंचावन्नच्या पुढे आहे, म्हणजे त्या मजल्यावरच्या प्रत्येकापेक्षा जास्त. तरी क्रियापद एकवचनी.

यावर कुणी म्हणेल, की मावशी हे तर नात्यातलं सर्वांत गोड संबोधन आहे, त्यात अपमान कुठला? घरी सख्खी मावशी येते तेव्हाही आपण "मावशी आली" असंच म्हणतो. खरं आहे. "आई आली" आणि "बाबा आले" असंही म्हणतो. बहुतेक मराठी घरांत आईला तू आणि बाबांना तुम्ही. लहानपणी याचं कारण विचारलं की उत्तर मिळतं, आई जवळची असते ना, म्हणून. म्हणजे पुरुषाला आदर आणि बाईला जवळीक, अशी वाटणी आपल्या घरात, भाषा शिकतानाच झालेली असते. घरात ती खपून जाते, कारण तिथे जवळीक खरोखर असते. ऑफिसातल्या मावशींशी आपली कसली जवळीक? त्यांचं आडनाव मजल्यावरच्या निम्म्या लोकांना माहीत नसतं. आणि त्या आपल्याला उलट "भाचे" म्हणत नाहीत, "मॅडम" म्हणतात. जवळीक एकाच बाजूने सांगितली जात असेल तर तिचं नाव काहीतरी वेगळं असायला हवं.

मी मुळात मेकॅनिकलची इंजिनिअर, कामाने सॉफ्टवेअरवाली. कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिते: कुठलं मशीन किती वेळ चाललं, का थांबलं, किती माल नापास झाला याचा हिशेब ठेवणारं. त्यामुळे आठवड्यातले दोन दिवस काचेच्या ऑफिसात आणि तीन दिवस चाकणच्या पट्ट्यातल्या कुठल्या तरी शेडमध्ये जातात. दोन्हीकडे मला हाक मारायला वेगवेगळे शब्द आहेत. गेली पाच वर्षं मी ते गोळा करते आहे. छंद म्हणा.

सर्वांत चकित करणारा शब्द "बाई". हा शब्द एके काळी थेट मुकुटासारखा होता. अहिल्याबाई, लक्ष्मीबाई, सावित्रीबाई. गाण्यात केसरबाई, मोगूबाई, हिराबाई. शाळेत "बाई आल्या" म्हटल्यावर वर्ग चिडीचूप व्हायचा. विजया मेहतांना नाटकवाले "बाई" म्हणतात, आणि तालमीच्या हॉलमध्ये या शब्दात किती वजन असू शकतं हे त्या पिढीतल्या कुठल्याही नटाला विचारावं. आज हाच शब्द कुणी मला शॉप फ्लोअरवर वापरला तर मी वळून बघेन, आणि बघणं सौम्य नसेल. कारण मधल्या काळात "आमच्याकडे बाई येते" हे वाक्य तयार झालं. शाळांनी बाईंना मिस, टीचर, मॅडम केलं. मोगूबाईंची लेक किशोरीताई झाली. शब्द तोच राहिला, खाली घसरला तो त्याच्यापुढचा एकवचनी "येते". बाई येतात आणि बाई येते, या दोघींच्या पगारातला फरक क्रियापद सांगतं.

म्हणून मी नामांवर फारसा विश्वास ठेवत नाही. नाम सजवता येतं. क्रियापद सवयीने येतं, आणि सवय खोटं बोलत नाही.

आता "साहेब" घ्या. याला स्त्रीलिंग काय? बाईसाहेब म्हणावं तर ऐतिहासिक मालिका आठवते. मेमसाहेब म्हणजे साहेबाची बायको. आणि गोम इथेच आहे. आपल्याकडे बाईला मिळणारे मानाचे कितीतरी शब्द नवऱ्याच्या मार्गे आलेत. पाटलाची बायको पाटलीणबाई. मास्तरीण म्हणजे शिकवणारी, तशीच मास्तरांची बायकोही. डॉक्टरीणबाईंनी स्वतः डिग्री घेतली आहे की डॉक्टरांशी लग्न केलं आहे, हे शब्दावरून कळायची सोय नाही. फौजेत अधिकाऱ्याच्या पत्नीला मेमसाब म्हणण्याची रीत जुनी, अधिकारी बाई नंतर आली. आधीच्या शब्दांनी जागा अडवून ठेवलेली होती.

ग्रामपंचायतीत याचं सर्वांत उघडं रूप दिसतं. ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींमध्ये स्त्रियांना एक तृतीयांश जागा दिल्या, महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्या केल्या. कायद्याने बाई सरपंच झाली. पण गावोगाव असं ऐकू येतं, की लोक तिच्या नवऱ्याला "काय सरपंच" म्हणून हाक मारतात आणि तिला "वहिनी" म्हणतात. वहिनी या शब्दात अनादर औषधालाही सापडणार नाही. लोक अदबीने, मान खाली घालून वहिनी म्हणतात. फक्त पद त्या शब्दातून गळून गेलेलं असतं. वहिनी म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी कुणीतरी. सही तिची, हाक त्याला.

प्रतिभा पाटील २००७ साली राष्ट्रपती झाल्या तेव्हा या शब्दाचं स्त्रीलिंग काय, यावर देशभर गंमतीजमती झाल्या. सेनापतीतला, लखपतीतला पती म्हणजे स्वामी, धनी. त्याचा लग्नाशी संबंध नाही. पण २०२२ साली द्रौपदी मुर्मूंबद्दल बोलताना एका खासदारांच्या तोंडून "राष्ट्रपत्नी" निघालं आणि पुढे त्यांना माफी मागावी लागली. जीभ घसरली, असं त्यांचं म्हणणं होतं. असेलही. जीभ घसरते ती मात्र उताराच्या दिशेनेच.

बरं, मॅडम. हा मला रोज मिळणारा शब्द, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला तो आवडायचा. तेवीस वर्षांच्या मुलीला पन्नाशीचा फोरमन मॅडम म्हणतो, खुर्ची पुढे करतो, चहा कपातून देतो (बाकीच्यांना कागदी ग्लास). मी शेडमध्ये पाऊल टाकलं की कुणीतरी हळूच "मॅडम आल्या रे" म्हणायचं, आणि शिव्या थांबायच्या. माझ्याबरोबरचा मुलगा माझ्याहून ज्युनिअर, पण तो "साहेब" किंवा नुसता "भावा". मला वाटायचं, मान मला जास्त आहे.

मग एका कारखान्यात प्रेस शॉपचं काम आलं. पत्र्याचे भाग ठोकणारे जुने पॉवर प्रेस. अशा प्रेसला दोन बटणं असतात, आणि दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबल्याशिवाय ठोका पडू नये अशी रचना असते. हेतू साधा आहे: दोन्ही हात बटणांवर असतील तर ते डायखाली नसतील. आमचं सॉफ्टवेअर प्रत्येक बटणाचा सिग्नल वाचत होतं. मला दिसलं, की एका प्रेसचं डावं बटण शिफ्टच्या सुरुवातीला ऑन होतं आणि थेट शिफ्ट संपताना ऑफ. आठ तास कुणी बटण दाबून ठेवत नाही. मी विचारलं. उत्तर आलं, "सिग्नलचा प्रॉब्लेम असेल मॅडम." पुन्हा विचारलं. "तुम्ही नका टेन्शन घेऊ मॅडम, आम्ही बघतो." दोन आठवडे मी वायरिंग तपासून घेतलं, कार्ड बदलून घेतलं, माझाच कोड चाळला.

नुकताच लागलेला एक ट्रेनी मुलगा माझ्या हाताखाली आला आणि दुसऱ्याच दिवशी टपरीवरून खरी गोष्ट घेऊन परतला. बटणाच्या फटीत वॉशर ठोकून ते कायमचं दाबून ठेवलेलं होतं. उजव्या हाताने बटण, डाव्या हाताने माल सरकवायचा. टार्गेट एवढं होतं, की दोन्ही हात वापरून ते बसतच नव्हतं. हे सगळ्या शॉपला माहीत होतं. त्याच शॉपमध्ये एका जुन्या ऑपरेटरच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं नव्हती, तो वॉशर काय करू शकतो हेही सगळ्यांना माहीत होतं. मग मला का नाही सांगितलं? मी त्यांच्यातल्या एकाला नंतर सरळ विचारलं. तो ओशाळला आणि म्हणाला, "मॅडम, ती गोष्ट शिव्या घातल्याशिवाय सांगता येत नाही. तुमच्यासमोर कसं बोलणार?"

हे उत्तर मी अनेकदा उलटसुलट करून पाहिलं आहे. त्यात तिरस्कार नव्हता. माझी अक्कल कमी आहे असंही त्याला वाटत नव्हतं. उलट तो माझा मान राखत होता. आणि तो मान राखण्याच्या नादात दोन आठवडे एका माणसाचा डावा हात डायखाली जात-येत राहिला. त्या दिवसांत कुणाची बोटं गेली नाहीत, हा निव्वळ योगायोग. पुढे त्या प्रेसचं कंट्रोल बदललं, दोन भागांचं टार्गेट बरीच वादावादी होऊन खाली आणलं गेलं. पण ती वादावादी दोन आठवडे आधी होऊ शकली असती.

"मान राखणे" हा आपला शब्दप्रयोगच बघा. मान राखतात, म्हणजे ठेव राखावी तसा बाजूला काढून ठेवतात. साहेबाचा मान कुणी राखत नाही, साहेबाचा वचक असतो. शाळेतल्या बाईंचा धाक असतो. मॅडमचा मात्र मान. वचक असलेल्या माणसाला लोक घाबरून का होईना, बातमी देतात, कारण नंतर कळलं तर धडगत नाही. मान राखलेल्या माणसाला बातमीपासून जपतात.

स्टीफन डार्वल नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७७ साली आदराचे दोन प्रकार वेगळे केले होते. एक कौतुकाचा: तू तुझ्या कामात चांगली आहेस, म्हणून तुला मानतो. दुसरा दखलीचा: तू समोर आहेस, तर मी काय करायचं हे ठरवताना तुझा विचार धरावा लागेल. दुसरा कमवावा लागत नाही, तो माणूस असण्याचा किंवा पदाचा हक्क असतो. मला ही फोड पटते, पण आपल्या शेडमध्ये ती अपुरी पडते. कारण तिथे बाईची दखल प्रचंड घेतली जाते. आवाज खाली येतो, विषय बदलतो, खुर्ची पुसली जाते. सगळ्यांचं वागणं माझा विचार धरूनच बदलतं. फक्त धरला जातो तो विचार "इथे एक बाई आहे" एवढाच, "इथे एक इंजिनिअर आहे" हा नव्हे. तेव्हा दखल घेतली का, हा प्रश्न पुरत नाही. कशाची घेतली, हे विचारावं लागतं.

याच तर्काचं टोक सर्वोच्च न्यायालयासमोर येऊन गेलं आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये लष्करातल्या स्त्री अधिकाऱ्यांना पर्मनंट कमिशन देण्याचा निकाल लागला, त्या खटल्यात सरकारी बाजूचा एक मुद्दा असा होता, की जवान बहुतांश खेड्यातून येतात, स्त्रीचा हुकूम मानण्याची त्यांच्या मनाची तयारी नसते. न्यायालयाने तो नाकारला. आमच्या पुण्याला लागून असलेल्या खडकवासल्याच्या एनडीएमधून मे २०२५ मध्ये सतरा मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. "खेड्यातला पुरुष हुकूम मानणार नाही" हा युक्तिवाद ऐकला की मला त्या प्रेस शॉपमधली खेड्यातलीच माणसं आठवतात. मी सांगितलेलं ते लगेच करायचे, माझा हुकूम कुणी कधी मोडला नाही. अडत होतं ते उलट्या दिशेला. हुकूम वरून खाली सुरळीत जायचा, खबर खालून वर येत नव्हती.

मग काय, मला "सर" म्हणावं? काही जण म्हणतातही. ईमेलवर, फोनवर, आणि आता समोरही. मागे एकदा माझी एक मैत्रीण अभिमानाने सांगत होती, की तिच्या साइटवर सगळे तिला सर म्हणतात, म्हणजे त्यांनी तिला आपल्यातलं मानलं. मला तो अभिमान कळतो, पण घशाखाली उतरत नाही. दिल्ली उच्च न्यायालयात फेब्रुवारी २०२२ मध्ये एक वकील न्यायमूर्ती रेखा पल्लींना वारंवार सर म्हणत होते. त्यांनी टोकल्यावर वकील म्हणाले, की तुम्ही बसला आहात त्या खुर्चीमुळे तसं होतं. त्यावर न्यायमूर्तींचं म्हणणं असं, की मग तर हे आणखी वाईट. म्हणजे ही खुर्ची सरांचीच, असं तुम्हाला अजून वाटतं. त्यापुढे मला काही जोडायचं नाही. केरळच्या बालहक्क आयोगाने २०२३ च्या जानेवारीत शाळांतल्या सर-मॅडमऐवजी सगळ्यांना "टीचर" म्हणा असं सुचवलं, तो मार्ग मला जास्त शहाणपणाचा वाटतो. कामाचं नाव घेऊन हाक मारायची. काम पुरुषाचंही तेच असतं.

"ताई"बद्दल मात्र माझं मत अजून हेलकावे खातं. ताईला शिव्या ऐकवत नाहीत, पण ताईशी भांडता येतं, आणि भांडता येणं ही मोठी गोष्ट आहे. बिहारकडून आलेली पोरं मला दीदी म्हणतात, आणि वॉशरसारख्या गोष्टी मॅडमपेक्षा दीदीला लवकर कळतात, हा माझा अनुभव. पण याच शब्दाची दुसरी बाजू अंगणवाडीत दिसते. अंगणवाडीची ताई, पदनाम सेविका, आणि मिळतं ते वेतन नव्हे, मानधन. मान आणि धन एका शब्दात बसवले, आणि त्यातलं पहिलं भरपूर दिलं की दुसरं कमी दिलं तरी चालतं. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सांगायला सर्वोच्च न्यायालयाला २०२२ उजाडावं लागलं. नात्याने हाक मारलेल्या बाईकडून काम करून घेताना हिशेब लांबणीवर टाकायची सोय होते. घरची ना ती.

पदनामांचं तसं सोपं आहे, ठरवलं तर. आयटीआयमध्ये ट्रेडचं नाव अजून वायरमन, आणि तो शिकणाऱ्या मुली आहेत. क्रिकेटमध्ये एमसीसीने २०२१ साली बॅट्समनचं बॅटर केलं तेव्हा इंग्रजीत चर्चा झाली. मराठीत काही करावंच लागलं नाही, आपला फलंदाज आधीपासून कुणाचाही होता. साताऱ्याच्या सुरेखा यादवांनी २०११ च्या महिलादिनी डेक्कन क्वीन आणि २०२३ च्या मार्चमध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत चालवत आणली. बातम्यांत त्यांचं पदनाम लोको पायलट असं आलं, आणि त्याच्या आधी प्रत्येक वेळी "महिला" हा डबा जोडलेला होता. पहिली असण्याची ती किंमत असावी.

माझ्या कामात हे सगळं फार क्षुद्र पातळीवर येतं. स्क्रीनवरचे मराठी मेसेज मी लिहिते. पहिली अडचण लॉगिनच्या ड्रॉपडाउनमध्ये: पुरुषासाठी एक "श्री.", बाईसाठी कु., सौ. आणि श्रीमती. प्रेस चालवायला लग्नाची माहिती कशाला लागते, हे मला कुणी सांगू शकलं नाही, मी तो रकानाच काढून टाकला. दुसरी अडचण व्याकरणाची. "ऑपरेटर आला", "ऑपरेटर आली": इथे लिंग टाळता येत नाही. पण "ऑपरेटरने मशीन थांबवलं" म्हटलं की प्रश्न मिटतो. मराठीत येण्याजाण्याला लिंग असतं. केलेल्या कामाला मात्र करणाऱ्याचं लिंग चिकटत नाही, क्रियापद कामाच्या मागे जातं. त्याने भाग तपासला, तिने भाग तपासला, मी भाग तपासला. हे आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं, कर्मणी प्रयोग म्हणून. मला त्याचं मोल सव्वीसाव्या वर्षी, रात्री अकरा वाजता मेसेजची फाइल भरताना कळलं. आता आमच्या सिस्टीममध्ये शक्य तिथे सगळं "ने" लावून आहे. आणि मशीनने माणसाला सूचना देताना "दार बंद कर" म्हणायचं की "करा", यावर एका मॅनेजरचं म्हणणं होतं, की ऑपरेटरला कशाला अहोजाहो, अक्षरं वाढतात. एक काना वाढतो. तो ठेवला.

त्याच कारखान्यात जोडणीच्या एका लाइनवर सगळ्या मुली आहेत. आयटीआय किंवा बारावी झालेल्या, एकोणीस-वीस वर्षांच्या. सिस्टीममध्ये, रिपोर्टात आणि भिंतीवरच्या बोर्डावरही तिचं नाव "लेडीज लाइन" असंच होतं. बाकीच्या लाइन १, २, ३. रोजच्या तक्त्यात पहिल्या तीन ओळी एकत्र असायच्या आणि लेडीज लाइन खाली, एक ओळ सोडून, जणू वेगळ्या कारखान्याची. तिथला नापास मालाचा आकडा तिघींपेक्षा कमी होता, पण तुलना होतच नसल्याने तो कुणी पाहिला नव्हता. तिथल्या लाइन लीडरने मला विचारलं, "दीदी, आम्हाला नंबर का नाही?" डेटाबेसमध्ये तो बदल करायला एक मिनिट पुरलं. परवानगीच्या ईमेलना तीन आठवडे लागले. शॉप फ्लोअरवर अजून सगळे लेडीज लाइनच म्हणतात. सकाळी सातला जाणाऱ्या रिपोर्टात मात्र आता लाइन ४ असते, लाइन ३ च्या लगेच खाली.